विठ्ठलाची युरोपवारी

रविवारची पुरवणी उघडली की यात्रा कंपन्यांच्या जाहिराती आधी डोळ्यांत भरतात. बारा दिवसांत सात देश, सोबत मराठी बोलणारा व्यवस्थापक, संध्याकाळी गरम वरणभात. आमच्या नांदगाव पेठेतही या जाहिराती आवडीने वाचल्या जातात. अमरावतीहून नागपूरकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर, महामार्गाला बिलगून असलेले हे आमचे गाव. इथल्या काही मंडळींनी कंपनीबरोबर जाऊन युरोप पाहिला आहे. आता त्यांची मुले-नातवंडे पुढची भाषा बोलू लागली आहेत. त्यांना कंपनी नको, व्यवस्थापक नको, वरणभातही नको. पाठीवर एक पिशवी, आगगाडीचा पास आणि एकट्याने हिंडण्याची मोकळीक एवढेच त्यांना हवे. घरातल्या वडीलधाऱ्यांना यात धाडस दिसते, काहींना तर चक्क वेड दिसते.

अशी चर्चा निघाली की मला हटकून विठ्ठल रामजी शिंदे आठवतात. शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात माझी उमेद गेली. त्या पाठ्यपुस्तकांत महर्षी शिंदे दोन-चार ओळींत आटोपत. अस्पृश्यता निवारणाचे कार्य, डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना, १९०६. गुण मिळवायला तेवढे पुरे. पण हा माणूस त्याआधी तीन वर्षे युरोपातून हिंडून आला होता, बोटीने आणि आगगाडीने, खिशात मोजके पैसे घेऊन, आणि तिथे त्याने जे पाहिले त्याचा १९०६ शी फार जवळचा संबंध आहे, हे त्या ओळींत येत नसे. आज त्याच प्रवाशाची गोष्ट सांगावी म्हणतो.

शिंदे जन्मले २३ एप्रिल १८७३ रोजी, जमखंडीला. तेव्हा ते पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, दारात कानडी. वडील रामजीबाबा वारकरी, आई यमुनाबाई. घरी विठ्ठलाची भक्ती, म्हणून मुलाचे नावही विठ्ठल. पैशाची ओढाताण नेहमीची होती, पण दार सगळ्यांना उघडे होते. जातिपातीचा आणि धर्माचा बाऊ त्या घरात फारसा नव्हता. लहान वयातच त्यांचे लग्न झाले. बहीण जनाबाई हिच्या वाट्याला सासरचा जाच आला, तेव्हा या भावाने तिला माघारी आणले आणि शिकवले. पुढे हीच बहीण त्यांच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला आले आणि १८९८ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. शिक्षण शिष्यवृत्त्यांवर चालले. त्यांत बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मदत मोठी होती. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू झाला होता. तो पुरा झाला असता तर महाराष्ट्राला आणखी एक वकील मिळाला असता. पण मन प्रार्थना समाजाकडे ओढले गेले आणि धर्मप्रचाराचे काम हेच आपले काम असे त्यांनी ठरवले. त्याच वाटेवर त्यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करण्याची संधी आली. ख्रिस्ती धर्मातील युनिटेरियन नावाच्या सुधारक पंथाचे हे कॉलेज. नाव मँचेस्टरचे असले तरी १८८९ पासून ते ऑक्सफर्डला होते, आणि आज ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचेच एक कॉलेज आहे. जाण्याच्या खर्चाला पुन्हा सयाजीरावच धावून आले.

सप्टेंबर १९०१. वय अठ्ठावीस. मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटली. एडन, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र असा सुमारे पंधरा दिवसांचा हा मार्ग. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मार्सेय बंदर आले की प्रवाशाला दोन वाटा असत. बोटीतच बसून स्पेनला वळसा घालून लंडन गाठायचे, नाही तर मार्सेयला उतरून आगगाडी धरायची. आगगाडीने आठवडाभर वाचे. शिंदे मार्सेयला उतरले आणि आगगाडीने निघाले. मार्सेय ते पॅरिस हे अंतर साडेआठशे किलोमीटरांहून अधिक. पुढे कॅले, मग खाडी ओलांडून डोव्हर आणि तिथून लंडन. युरोपची पहिली ओळख त्यांना आगगाडीच्या खिडकीतून झाली.

त्या काळी असा एकट्याचा प्रवास कसा होत असेल, याचे कुतूहल मला फार. आजच्या मुलांना वाटते की मोबाइल नाही, नकाशा नाही, म्हणजे माणूस हरवलाच. तसे नव्हते. उलट काही गोष्टी आजच्याहून सोप्या होत्या. १९१४ च्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सहसा कोणी पासपोर्ट विचारत नसे. आज व्हिसासाठी मुंबई-नागपूरच्या खेपा घालणाऱ्या माणसाला हे खरे वाटणार नाही. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांत नाण्यांचा करार होता, त्यामुळे एका देशाचे सोन्याचांदीचे नाणे दुसऱ्यात चाले. आजच्या युरोचा हा जणू पणजोबा. थॉमस कुक कंपनीची कुपने घेतली की वेगवेगळ्या देशांच्या आगगाड्यांची तिकिटे एकाच पुडक्यात मिळत. बेडेकर नावाच्या जर्मन प्रकाशकाची लाल पुठ्ठ्याची मार्गदर्शक पुस्तके घेऊन लोक हिंडत. कुठले चर्च कोणत्या वेळी उघडे, खोलीचे भाडे किती, हे सगळे त्यांत असे.

गोंधळ होई तो घड्याळांचा. फ्रान्सचे घड्याळ लंडनच्या नऊ मिनिटे पुढे होते. त्यातही फ्रान्सच्या स्टेशनांत बाहेरचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि आतले पाच मिनिटे मागे असे, प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून. हिंदुस्थानातून गेलेल्या माणसाला मात्र याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. मुंबई शहराची वेळ निराळी आणि रेल्वेची मद्रास वेळ निराळी, हा घोळ आपल्याकडेही होताच. भारतीय प्रमाणवेळ आली ती १९०६ मध्ये.

आणखी एक गोष्ट अशा प्रवाशाला सवयीची असणार, ती म्हणजे डब्याचा दर्जा. युरोपच्या बहुतेक गाड्यांना तीन वर्ग असत आणि तिसऱ्या वर्गाची बाके लाकडी असत. पैसे असतील त्या वर्गात माणूस बसे. आपल्याकडे आगगाडी आली तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो शेजारी कोण बसणार याचा. तिकिटावर जात लिहिलेली नसते. एकाच बाकावर ब्राह्मण, महार, मुसलमान, मारवाडी असे सगळे खेटून बसू लागले आणि घरी जाऊन अंघोळ करू लागले. डब्यात विटाळ नाही आणि विहिरीवर मात्र आहे, ही विसंगती आगगाडीने आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवली. शिंद्यांच्या पुढच्या आयुष्याचे सारे काम या एका विसंगतीभोवती फिरले.

ऑक्सफर्डला ते दोन वर्षे राहिले. शहर जुने, दगडी, घंटांच्या नादाचे. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे विद्वान शिक्षक मिळाले. निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास झाला, पाली भाषा झाली, बौद्ध धर्माची ओळख झाली. वारकऱ्याच्या घरचा मुलगा युनिटेरियन कॉलेजात बसून बुद्ध वाचत होता. सुट्ट्या लागल्या की अभ्यास मिटून ते हिंडायला निघत. इंग्लंड-स्कॉटलंडचे काही भाग त्यांनी पाहिले. प्रवासाची पत्रे ते प्रार्थना समाजाच्या सुबोध पत्रिकेला पाठवत आणि मुंबई-पुण्याचे वाचक ती वाचत. शिवाय रोजनिशी होतीच. सोबत बोलायला कोणी नसले की माणूस वहीशी बोलतो. एकट्याने हिंडणाऱ्याचा हा मोठा लाभ. चौघांत गेलेला माणूस पाहिलेले तिथेच बोलून संपवतो, एकटा गेलेला ते घरापर्यंत बांधून आणतो.

पण त्यांचे पाहणे नुसते इमारतींपाशी थांबले नाही, आणि इथे या प्रवासाला वेगळे वळण लागते.

लंडन तेव्हा जगातले सर्वात मोठे शहर होते, सर्वात श्रीमंत साम्राज्याची राजधानी. हिंदुस्थानातून जाणारे राजेरजवाडे, बॅरिस्टर, आय.सी.एस. चे उमेदवार तिथे जात ते या वैभवाने दिपून जाण्यासाठी. त्याच सुमारास चार्ल्स बूथ नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने लंडनची गल्लीन् गल्ली धुंडाळून घेतली होती. त्याच्या पाहणीत निघाले की लंडनचे तीस टक्के लोक गरिबीत राहतात. १९०१ साली सीबोम राउंट्रीने यॉर्क या जुन्या, तटबंदीच्या शहराची तशीच पाहणी छापली. तिथेही प्रमाण जवळपास तेवढेच भरले. १९०२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे शिंदे इंग्लंडात असतानाच, जॅक लंडन हा अमेरिकन लेखक फाटके कपडे घालून लंडनच्या पूर्व भागात राहिला आणि त्यावर त्याने एक जळजळीत पुस्तक लिहिले. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्यांच्या राजधानीतल्या अनेक घरांत सूर्य उगवतच नव्हता.

युनिटेरियन पंथाच्या लोकांनी अशा गरीब वस्त्यांत कामे उभी केली होती. शाळा, रात्रीचे वर्ग, आजाऱ्यांची विचारपूस, मुलांसाठी खेळ. पाद्री प्रवचन देऊन घरी जाण्याऐवजी वस्तीतच ठाण मांडून राहत असे. शिंद्यांनी ही कामे पाहिली. धर्म पुस्तकात शिकता येतो, पण तो करायचा तर तुंबलेल्या गटाराच्या काठी उभे राहावे लागते, हा धडा त्यांना वर्गाबाहेर मिळाला. राजवाडे, चर्चे आणि संग्रहालये पाहायला निघालेल्या अनेकांना या वस्त्या वाटेत लागतातच. बहुतेकांच्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, कारण त्या मार्गदर्शक पुस्तकात नसतात.

१९०३ च्या सप्टेंबरात हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमला उदारमतवादी धर्मपंथीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे शिंद्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचला. जमखंडीचा मुलगा, वय तीस, समोर युरोप-अमेरिकेतले विद्वान. त्या शहराची निवडही अर्थपूर्ण होती. ॲमस्टरडॅम म्हणजे जुन्या काळापासून धर्मासाठी छळल्या गेलेल्यांचा आसरा. स्पेन-पोर्तुगालातून हाकलले गेलेले ज्यू तिथे येऊन राहिले. स्पिनोझा हा थोर तत्त्वज्ञ त्यांच्यातच जन्मला, आणि त्याला वाळीत टाकले तेही त्याच्याच समाजाने. शहर उभे आहे ते पाण्यात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. १८८९ साली उघडलेले तिथले मध्यवर्ती रेल्वे स्टेशनच आठ हजारांहून अधिक खांबांवर पेललेले आहे. दलदलीत पाया घालायचा तर आधी खोलवर खांब रोवावे लागतात, हे शिकायला ॲमस्टरडॅमसारखी जागा नाही.

परिषद आटोपली आणि परतीचा प्रवास सुरू झाला. त्या काळी हॉलंडहून भूमध्य समुद्राच्या बंदरांकडे उतरणारी आगगाडीची एक मोठी वाट ऱ्हाइन नदीच्या काठाने जाई. कोलोनला स्टेशनातून बाहेर पाऊल टाकले की समोर १५७ मीटर उंचीची दोन टोके असलेले प्रचंड कॅथेड्रल उभे. पाया तेराव्या शतकातला आणि काम पुरे झाले १८८० साली. पुढे द्राक्षमळे, जुने किल्ले, मग स्वित्झर्लंडची तळी. आल्प्स ओलांडायला सेंट गॉटहार्डचा बोगदा १८८२ पासून होता. लांबी पंधरा किलोमीटर. तो खणताना सुमारे दोनशे कामगार प्राणास मुकले. गाडी या टोकाला आत शिरते तेव्हा माणसे जर्मन बोलत असतात, त्या टोकाला बाहेर पडली की इटालियन. आजचे पर्यटक या वाटेवर बर्फाचे फोटो काढतात. मला मात्र नकाशावर ही वाट शिकवताना नेहमी ते दोनशे कामगार आठवत. प्रत्येक सुंदर प्रवासाखाली कोणाचे तरी कष्ट पुरलेले असतात.

ऑक्टोबर १९०३ मध्ये शिंदे मुंबईत उतरले. विलायतेहून परत आलेल्या माणसाचे त्या वेळी मोठे कौतुक होई. अनेक जण साहेबी पोशाखात उतरत आणि आयुष्यभर विलायतेच्या गोष्टी सांगत. शिंद्यांना हे सोपे होते. सयाजीरावांचा आश्रय होता, पदवी होती, इंग्रजीवर हुकमत होती. त्यांनी मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम पत्करले. आणि जी नजर लंडनच्या गल्ल्यांत तयार झाली होती, ती त्यांनी आपल्या गावांवर लावली.

पुन्हा प्रवास सुरू झाला. या वेळी खिडकीबाहेर ऱ्हाइन नव्हती. बडोद्यात सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी चालवलेल्या शाळा त्यांनी पाहिल्या. १९०५ साली त्या वेळच्या अहमदनगरजवळ भिंगार येथे अस्पृश्य मंडळींच्या रात्रीच्या सभेला ते गेले. कंदिलाच्या उजेडात जमलेली ती माणसे पाहून त्यांचा निश्चय पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघाले. मराठीत त्याचे नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. आरंभ एका प्राथमिक शाळेने झाला. हळूहळू वसतिगृहे आली, दवाखाना आला, शिवणकामाचे आणि इतर हस्तव्यवसायांचे वर्ग आले. बहीण जनाबाई आणि घरची माणसे या कामात ओढली गेली. इंग्लंडात पाहिलेले वस्तीतले ठाणे त्यांनी इथे स्वतःच्या संसारासह मांडले. पुण्यात तर ते अस्पृश्यांच्या वस्तीशेजारी, मिशनच्या आवारातच राहिले.

मिशनच्या शाखा गावोगाव निघाल्या. पुणे, हुबळी, मंगळूर, मद्रास, आणि त्या यादीत आमच्या वऱ्हाडातली दोन नावे आहेत, अकोला आणि अमरावती. ही नावे वाचली की मला गंमत वाटते आणि अभिमानही. मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा ही स्टेशने. बडनेऱ्याहून अमरावतीची छोटी शाखा निघाली ती १८७१ मध्ये, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. कापूस गेला त्याच वाटेने परतीचा माल म्हणून एक विचार आला, आणि तोही मँचेस्टरचे नाव लावणाऱ्या कॉलेजातून निघालेला. इतिहासात असे योगायोग घडतात, त्यांना फार अर्थ लावू नये, पण मनात ठेवायला हरकत नाही.

इथल्या जमिनीत हा विचार एकटा नव्हता. याच वऱ्हाडात गाडगेबाबा खराटा घेऊन गावे झाडत फिरले. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांताची अस्पृश्य परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न गाजला. डॉ. पंजाबराव देशमुख त्या चळवळीत होते. तेही विलायतेत शिकून आलेले. परदेशात जाऊन आलेल्या माणसाने आपल्या गावच्या देवळाकडे नव्या डोळ्यांनी पाहावे, असे त्या पिढीत पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. तिथे त्यांना मोठमोठ्या चर्चांचे दरवाजे उघडे मिळत. इथे आपल्याच माणसांना देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता. ही तुलना मनात आल्यावाचून कशी राहील?

शिंद्यांना या नजरेची किंमत मोजावी लागली. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यांवरची बंधने दूर व्हावीत असा ठराव केला, त्यामागे त्यांची खटपट होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. लोकमान्य टिळक तेथे येऊन बोलले. जाहीरनाम्यावर त्यांची सही मात्र झाली नाही. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखलेली जागा सोडून शिंदे सर्वसाधारण जागेवर उभे राहिले, कारण जातीच्या नावावर निवडून जाणे त्यांना मान्य नव्हते. ते पडले. सनातनी त्यांना धर्म बुडवणारा म्हणत. स्वजातीतले अनेक लोक दूर गेले. अस्पृश्य समाजातली नवी शिकलेली पिढी आपला कारभार आपल्या हाती मागू लागली. ते रास्तच होते. दुसऱ्याच्या दयेवर कोणाचा स्वाभिमान पोसला जात नाही. राजकीय हक्कांच्या प्रश्नावर मतभेद तीव्र झाले आणि १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. सतरा वर्षे वाढवलेले घर सोडून निघताना माणसाला काय वाटत असेल, ते ज्याचे त्याने ओळखावे. १९३० च्या कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ निघाला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ब्राह्मणांना ते आपले वाटले नाहीत, मराठ्यांना पुरते आपले वाटले नाहीत, दलितांच्या इतिहासातही त्यांना बराच काळ कोपऱ्यातली जागा मिळाली. तरुणपणी युरोप एकट्याने पाहिलेला हा प्रवासी उतारवयात आपल्याच मुलखात एकटा पडला.

पण हा एकटेपणा रिकामा नव्हता. त्यांच्या आठवणी १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, रोजनिशीही पुढे छापली गेली. डॉ. गो. मा. पवार यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि २००७ साली त्या चरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे आजच्या वाचकाला हा माणूस पुन्हा भेटतो.

आता आमच्या गावाकडे येतो. नांदगाव पेठेत औद्योगिक वसाहत झाली, कापडाचे कारखाने आले, वीजप्रकल्प आला. त्यांच्याबरोबर दूरदूरच्या प्रांतांतून कामकरी माणसे आली. पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी, आपल्या मुलखाची भाषा बोलणारी. महामार्गावरून जाताना त्यांची वस्ती दिसते आणि मागे पडते. दुसऱ्या बाजूला जुन्या गावाचीही आपली टोके आहेत. कोणत्याही वऱ्हाडी गावात असतात तशी. गावकुस पडले, त्याची माती पावसाने वाहून नेली, पण कोण कुठल्या आळीत राहतो हे अजूनही पोरासोरांना पाठ असते. लंडन, पॅरिस, रोम पाहिलेली माणसे आमच्यात आहेत. गावाच्या त्या टोकाच्या घरी बसून चहा घेतलेली माणसे किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे.

म्हणून एकट्याने युरोप पाहायला निघालेल्या मुलामुलींना मी अडवा असे म्हणत नाही. उलट जाऊ द्या असेच त्यांच्या आईवडिलांना सांगतो. जाताना काळजी घ्यायच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, पैसे, कागदपत्रे, औषधे. त्यांत एक कोरी वही घालावी. आगगाडीत बसले की खिडकीबाहेर पाहावे, आणि डब्यातही पाहावे. शहरात उतरले की कॅथेड्रल पाहावे आणि त्यामागच्या गल्लीत कोण राहते तेही पाहावे. वहीत दोन्ही लिहावे. आणि घरी आल्यावर ती वही मिटून कपाटात ठेवू नये.

शिंद्यांच्या वडिलांच्या पिढीने पंढरीची वारी पायी केली. वारीत माणूस देवाला पाहायला जातो. पण वाटेत सोबत चालणाऱ्याच्या पाया पडतो, तो कुठल्या जातीचा हे न विचारता. मुक्काम हलला, वारी संपली, गाव आले की तोच माणूस पुन्हा आपल्या आळीत परततो आणि मधली भिंत जशीच्या तशी उभी असते. विठ्ठल रामजींनी मात्र वारी संपू दिली नाही. मार्सेयच्या स्टेशनात सुरू झालेला त्यांचा प्रवास परळला, भिंगारला, पुण्याच्या वस्तीत, अकोला-अमरावतीच्या शाळांत चालूच राहिला. युरोप त्या वाटेवरचा एक मुक्काम होता. खरे लांबचे ठिकाण आपल्याच वेशीबाहेर होते, आणि तिथे पोहोचायला त्यांना अर्धे जग ओलांडून यावे लागले.